क्रेडिट म्हणजे नक्की काय हो, ताई?

मी आपल्या इंदिरानगरातल्या बचत गटांचं काम बघते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. आज गटाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो कोणाच्याच तोंडाला नवा राहिलेला नाही. क्रेडिट!

मागच्या बैठकीत हा शब्द मी चार वेळा ऐकला आणि चारही वेळा अर्थ वेगळा होता. एकीने विचारलं, "लाडक्या बहिणीचे पंधराशे क्रेडिट झाले का गं तुझे?" दुसरी म्हणाली, "यांनी क्रेडिट कार्ड काढलंय, फेडता फेडता नाकी नऊ आलेत." तिसरीची मुलगी एफ.वाय.ला आहे, तिचे दोन क्रेडिट कमी पडले म्हणून घरात रडारड चाललेली. आणि आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या मावशी हसत म्हणाल्या, "पापड आम्ही लाटले, आणि क्रेडिट घेऊन गेला स्टॉलवर बसलेला."

आता बघा, पंधराशे रुपये आले तेही क्रेडिट आणि डोक्यावर कर्ज झालं तेही क्रेडिट. मग बाईने समजायचं काय? आलेला पैसा आपला, की फेडायचा?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. आमच्या ओळखीतल्या एका ताईला मोबाइलवर मेसेज आला की तुमचं पन्नास हजारांचं क्रेडिट मंजूर झालंय, इथे दाबा. आदल्याच आठवड्यात योजनेचे पैसे 'क्रेडिट' झाल्याचा मेसेज आला होता, म्हणून तिला वाटलं, हेही तसलंच काही सरकारी आलं असेल. तिने दाबलं. हातात आली थोडीशीच रक्कम, तीही फी कापून, आणि आठवड्याभरात वसुलीचे फोन सुरू झाले. तिला तर आलेच, तिच्या जावेला आले, मुलीच्या क्लासच्या बाईंनाही आले, कारण त्या ॲपने मोबाइलमधले सगळे नंबर उचलले होते. ताई शिकलेली आहे, मेसेज तिला वाचता येतो. अडलं ते एका शब्दाच्या अर्थावर.

म्हणून हा शब्द जरा मुळापासून बघू.

क्रेडिट हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात आला, फ्रेंच भाषेतून. फ्रेंचांकडे तो इटलीच्या व्यापाऱ्यांकडून आला आणि इटलीत आला तो लॅटिनमधून. लॅटिन म्हणजे जुन्या रोमची भाषा. लॅटिनमध्ये क्रेदेरे म्हणजे विश्वास ठेवणे. क्रेदितुम म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली गोष्ट, म्हणजेच दिलेलं कर्ज. आणि ज्याला आज बँकेच्या इंग्रजीत क्रेडिटर म्हणतात, आपण धनको म्हणतो, तो मुळात 'विश्वास ठेवणारा'.

आता गंमत ऐका. या क्रेदेरेची एक बहीण आपल्या देवघरात आहे. श्रद्धा! भाषांचा अभ्यास करणारे सांगतात की संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी, आणि श्रद्धा व क्रेदेरे हे शब्द एकाच मुळातून फुटलेले. श्रद्धेतला 'धा' म्हणजे ठेवणे. आपणही म्हणतोच ना, श्रद्धा ठेवली, विश्वास ठेवला. तिकडची बहीण बाजारात जाऊन बसली, इकडची देवापुढे राहिली. बाजारातल्या विश्वासासाठी आपण वेगळा शब्द वापरतो, पत. त्याकडे मी येणारच आहे.

तर क्रेडिट शब्द दिसला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. इथे कोणी कोणावर विश्वास ठेवलाय? पैसा कोणाचा आणि तो कोणाच्या हातात आहे? हा प्रश्न लावला की चारही अर्थ सुटतात. बघा लावून.

'आपल्या खात्यात १५०० रुपये क्रेडिट झाले.' हा मेसेज बँक पाठवते आणि तो बँकेच्या वहीतून आलेला असतो. आपल्याला वाटतं पासबुक आपलं आहे. आपलं आहेच, पण त्यातला मजकूर म्हणजे बँकेच्या वहीतल्या आपल्या पानाची नक्कल. बँक तिच्या वहीत लिहिते की या बाईंचे १५०० रुपये माझ्याकडे आले, ते मी त्यांना देणं लागते. म्हणजे इथे विश्वास आपण ठेवला आहे, बँकेवर. आपण धनको, बँक ऋणको. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "म्हणजे बँकेची सावकारीण मी?" हो काकू, बचत खात्यापुरत्या तुम्हीच. काउंटरवर पासबुक भरायला उभ्या राहाल तेव्हा हे लक्षात असू द्या, बोलताना आवाज आपोआप जरा वर येतो.

क्रेडिटची जोडीदारीण डेबिट. तीही लॅटिनच, देबितुम म्हणजे देणं असलेलं. ही दोन खाती समोरासमोर मांडायची पद्धत इटलीच्या व्यापाऱ्यांनी रुळवली. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका संन्यासी गणितशिक्षकाने व्हेनिस शहरात छापलेल्या आपल्या पुस्तकात ती नीट लिहून काढली, आणि तिथून ती जगभर गेली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकाचं येणं ते दुसऱ्याचं देणं. आपले लोक काही हिशोबाला मागे नव्हते. कीर्द आणि खतावणी आपल्याकडेही पिढ्यान् पिढ्या चालत आली. आपण क्रेडिटला जमा म्हणतो आणि डेबिटला नावे. एखाद्याने पैसे उचलले की 'त्याच्या नावे टाका' म्हणतो. इंग्रजी वहीत क्रेडिटची बाजू उजवीकडे असते, आपल्या जुन्या कीर्दीत जमेची बाजू डावीकडे. आणि ही जमेची बाजू वहीतून उठून बोलण्यातही आली बरं का. स्थळ बघताना आपण म्हणतो, मुलगी शांत आहे ही तिची जमेची बाजू. इंग्रजीतही अगदी असंच, माणसाच्या चांगल्या गोष्टी त्याच्या क्रेडिटला लावतात.

एक सूचना इथेच करते. कर्ज खात्यावर 'क्रेडिट' दिसलं तर घाबरू नका. तिथे त्याचा अर्थ तुमचा हप्ता बँकेला पोहोचला. खातं कोणतं आहे ते आधी बघायचं, मग शब्द वाचायचा.

आता कार्ड. डेबिट कार्ड, ज्याला आपण एटीएम कार्ड म्हणतो, ते आपल्याच खात्यातले पैसे काढतं. खात्यात असतील तेवढेच निघतात. क्रेडिट कार्डात उलट आहे. तिथे विश्वास बँकेने ठेवलेला असतो, आपल्यावर. पैसा बँकेचा आणि खर्च आपला. ठरलेल्या तारखेला सगळे भरले तर ठीक. पण बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक छोटा आकडा छापलेला असतो. तेवढाच भरून जो निवांत बसतो, त्याला उरलेल्यावर भरमसाट व्याज लागतं. त्या ताईच्या यजमानांचं हेच झालं होतं.

आणि 'क्रेडिट लिमिट' म्हणजे तुम्हाला मिळालेले पैसे नव्हेत. ती उधारीची हद्द आहे. वाण्याने "तुम्ही पाच हजारांपर्यंत उधार नेऊ शकता" म्हटलं तर ते पाच हजार काही आपले होत नाहीत. मेसेजमध्ये 'क्रेडिटेड' म्हणजे जमा झाले आणि 'क्रेडिट' मंजूर म्हणजे कर्ज मंजूर. शेपटीचा फरक आहे, पण एक येणं आहे आणि दुसरं देणं.

मोबाइलवर कर्ज घ्यायचीच वेळ आली तर आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्याला ते द्यावंच लागतं. व्याज, फी, सगळं मिळून वर्षाला किती टक्के पडणार, ते त्यात एका जागी लिहिलेलं असतं. घेतल्यावर मन बदललं तर सुरुवातीचे ठरावीक दिवस मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेरही पडता येतं. जो हा कागद दाखवत नाही, त्याच्या नादी लागू नका. आणि कोणी म्हणालं की तुमच्या खात्यात पैसे क्रेडिट करायचे आहेत, पिन टाका, तर फोन ठेवून द्या. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाण्यासाठी. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. लाजेपायी दोन दिवस घालवले की पैसे हाती लागणं अवघड होतं.

कॉलेजातलं क्रेडिट सोपं आहे, ते चटकन सांगते. त्याला मराठीत श्रेयांक असा छान शब्द आहे. इतके तास अभ्यास केला, परीक्षेत उतरलीस, म्हणून विद्यापीठ तुझ्या खात्यावर इतके श्रेयांक जमा करतं. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात संसार सांभाळून शिकलेल्या कितीतरी जणी या रेडिओच्या श्रोत्या आहेत, त्यांना हा शब्द नवा नाही. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. २०२१ पासून तर सरकारने श्रेयांकांची बँकच काढली आहे. शिक्षण मधेच सुटलं तरी मिळवलेले श्रेयांक तिथे जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत राहतात, पुढे दुसऱ्या कॉलेजात वापरता येतात. लग्न किंवा बाळंतपण आलं म्हणून जिचं दुसरं वर्ष राहिलं, तिच्या कामाची ही गोष्ट आहे.

आणि मावशींचं क्रेडिट म्हणजे श्रेय. केलेल्या कामावर कोणाचं नाव लागतं, ते. यावर बोलायला लागले तर आजची वेळ पुरायची नाही, तुम्ही सगळ्या जाणत्या आहात. मी एवढंच केलं, आमच्या गटाच्या पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव छापून घेतलं. स्टॉलवर कोण बसतं याने आता फारसं बिघडत नाही.

आता पत. बँकेचे साहेब कर्ज देताना दोन गोष्टी बघतात आणि आपल्याकडे त्या दोन्हींना नेमके शब्द आहेत. एक ऐपत आणि एक पत. ऐपत म्हणजे फेडण्याची ताकद, पगार, घर, दागिना. पत म्हणजे हा माणूस फेडेल असा लोकांचा भरवसा. ऐपत असून पत नसलेले आपण रोज बघतो, बंगला दारात आणि किराणावाल्याची उधारी सहा महिने थकलेली. आणि ऐपत नसून पत असलेली बाईही बघतो. धुणंभांडी करून घर चालवते, पण भिशीचा हप्ता एक दिवस चुकवत नाही. बँकांना बरीच वर्षं फक्त ऐपत मोजता येत होती. अशा बाईच्या नावावर ना सातबारा ना घर, म्हणून तिला बँकेत खुर्चीही मिळत नसे.

मग ती जायची सावकाराकडे. हा शब्द तरी किती चांगला आहे बघा. साव म्हणजे सज्जन, संस्कृतातल्या साधूवरून आलेला. चोर आणि साव अशी जोडी आपण अजून वापरतो. सावकार म्हणजे मुळात खरेपणाने व्यवहार करणारा माणूस. पण व्यवहार असे झाले की शब्दच बदनाम झाला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव हे लोण पसरलं. त्यांनी मुख्यतः काय केलं? सावकारांच्या घरातली कर्जाची खतं बाहेर काढून जाळली. ज्या कागदावर अंगठा घेतलाय पण आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही, त्या कागदाचा राग होता तो. मोबाइलवर न वाचता 'आय अॅग्री' दाबताना मला हे सुपे गाव हमखास आठवतं.

या दंग्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. त्याच्या इंग्रजी नावात क्रेडिट हाच शब्द आहे, आणि मराठीत त्याचं पत झालं. पतसंस्था, पतपेढी. एकट्याची ऐपत नाही, पण दहा जणांनी एकमेकांची हमी घेतली की पत तयार होते, ही त्यामागची कल्पना. इथेही आपला प्रश्न लावून ठेवा. पतसंस्थेत ठेव ठेवताना विश्वास ठेवणाऱ्या आपण असतो. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. शेकडा अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या भगिनींनी हे ऐकून ठेवावं.

पण एकमेकांच्या पतीवर पैसा ठेवायची ही रीत १९०४ ची नाही. ती फार जुनी आहे, आणि तिचा लेखी पुरावा आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर आहे. पांडवलेणी. हायवेवरून जाताना रोज दिसणारा तो डोंगर. मुलांच्या सहली नेतो, पायऱ्या चढून धापा टाकतो, फोटो काढतो आणि उतरतो. पुढच्या वेळी गेलात तर १० नंबरच्या लेण्यात थांबा. त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत. त्यातला एक उषवदाताचा. क्षत्रप राजा नहपान याचा हा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने लेणं भिक्षूंना दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. ठेवली कुठे? गोवर्धन इथे राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. गोवर्धन गाव आजही आहे, गंगापूरच्या बाजूला.

एका विणकर श्रेणीकडे २००० ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं लेखात स्पष्ट लिहिलंय. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ नाणी वस्त्रासाठी. आता आपला गटाचा हिशोब लावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैशालाही फरक नाही! हा हिशोब मी बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा सगळ्या जणी गप्प झाल्या आणि मग आमची हिशोबनीस म्हणाली, "म्हणजे त्यांचं रजिस्टर दगडाचं होतं." रजिस्टर होतंच. हे सगळं नगराच्या सभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदवलं, असंही लेखात आहे.

याच लेण्यात नंतरच्या काळातला आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण ठेवीदार बाई आहे. तिचं नाव विष्णुदत्ता. डोंगरावरच्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तिने गोवर्धनच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. सगळे एकीकडे नाही ठेवले. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे काही, तेल गाळणाऱ्यांकडे काही, असे वेगवेगळ्या श्रेणींत वाटून ठेवले. शहाणी बाई. आणि लेखात नाव तिचं आहे. अमक्याची बायको, तमक्याची आई हेही लिहिलंय, पण पैसे ठेवणारी म्हणून ती विष्णुदत्ता.

विचार करा, राजाचा जावई आणि घरंदाज बाई कोणावर विश्वास ठेवतात? विणकर आणि तेली. महाल असलेल्यांकडे नाही ठेवले, रोज हाताने काम करून, मिळून हिशोब ठेवणाऱ्यांकडे ठेवले. त्यांची पत त्यांच्या संघात होती.

आपल्या बचत गटाचं अगदी हेच आहे. १९९२ साली नाबार्डने पाचशे गटांपासून सुरुवात करून गट आणि बँक जोडायचा प्रयोग केला. तारण नसलेल्या बायकांना कर्ज द्यायचं, तर बघायचं काय? गटाचं रजिस्टर बघायचं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाची नोंद. ही पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे, म्हणून कधीकधी तिचा कंटाळाही येतो. बैठकीला न येता "माझी सही करून टाक" म्हणणाऱ्या भगिनी आहेत, त्या आज हे ऐकत असतील तर बरं होईल. बँकेचे अधिकारी आले की ते तुमची साडी बघत नाहीत, सह्यांचा रकाना बघतात. बारा महिन्यांच्या सह्या एकाच शाईने, एकाच दिवशी केलेल्या असल्या तर त्यांना बरोबर कळतं. ते रजिस्टर म्हणजेच गटाचं क्रेडिट.

एकटीच्या कर्जासाठी हे रजिस्टर आता कॉम्प्युटरवर गेलं आहे, त्याला क्रेडिट स्कोअर म्हणतात. लोक "माझं सिबिल खराब आहे" म्हणतात, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव, २००० साली स्थापन झालेली. अशा चार कंपन्या देशात आहेत. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या हप्त्यांची माहिती त्यांना पाठवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला आकडा ठरतो. जितका जास्त तितकी पत चांगली. जिने कधीच बँकेचं कर्ज घेतलं नाही तिचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. गावात नव्याने राहायला आलेल्या माणसासारखं आहे, चांगला की वाईट ते अजून कोणी बघितलेलं नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज पाच जणींनी मिळून घेतलं तरी नोंद प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र होते. तुमच्या नावावर कर्ज काढून दिराने रिक्षा घेतली आणि हप्ते थकले, तर पत दिराची जात नाही, तुमची जाते. कोणाला जामीन राहिलात आणि त्याने बुडवलं, तरी डाग तुमच्या कागदावर येतो. घरात वाईटपणा नको म्हणून सही करण्याआधी हे बोलून घ्या. यात भांडणाचं काही नाही, कागद दाखवून बोलायचं.

आणि स्वतःचा कागद बघायला पैसे लागत नाहीत. २०१७ पासून या चारही कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सिबिल काढून देतो म्हणून पाचशे रुपये मागणारे एजंट फिरतात, त्यांना द्यायची गरज नाही. पॅन कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि कंपनीची स्वतःची वेबसाइट, एवढं पुरतं. जमत नसेल तर गटाच्या बैठकीला पॅन कार्ड घेऊन या, आपण मिळून बघू.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी तपासा. आपण न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर दिसतंय का? फेडलेलं कर्ज अजून चालू दाखवलंय का? आणि बंद झालेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड'? क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडलं. सेटल्ड म्हणजे तडजोड करून कमी पैशात मिटवलं, आणि ते पुढच्या बँकेला खटकतं. म्हणून वसुलीवाला "इतके द्या, मिटवून टाकू" म्हणाला तरी लगेच हो म्हणू नका. पूर्ण फेडणं शक्य असेल तर पूर्णच फेडा आणि नो ड्यूजचा दाखला घ्या.

नोंद चुकीची असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी किंवा ऑनलाइन तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली काढली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. तक्रारीचा नंबर आणि तारखेची पोच मात्र जपून ठेवा. ते तीस दिवस त्या तारखेपासून मोजतात.